खरेदीखतावर कोणाची सही हवी?

शेतजमिनीचा व्यवहार ठरला की खरेदीखतावर देणाऱ्याची सही होते, घेणाऱ्याची होते, साक्षीदारांची होते. पुढे तलाठी फेरफाराची नोंद धरतो, चावडीवर नोटीस लागते, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबारावरचे एक नाव जाऊन दुसरे येते. या सगळ्या कागदांत एक गोष्ट कोणी विचारत नाही. ही जमीन आजवर कोणाकोणाचे पोट भरत होती आणि ती विकायची ठरल्याचे त्यांना कधी कळले? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळते: व्यवहार झाल्यावर.

जमीन विकण्याचा हक्क मालकाचा आहे, हे मला मान्य आहे. पण विक्रीआधी विचारले जाण्याचा आणि जमीन घेण्याची पहिली संधी मिळण्याचा हक्क त्या जमिनीवर जगणाऱ्यांचा आहे, असे माझे म्हणणे आहे. हा हक्क आपण मानत नाही, म्हणून मोठी शेती मोडली की ती गरजवंताकडे न जाता पैसेवाल्याकडे जाते. महाराष्ट्राने हे एकदा चांगलेच अनुभवले आहे आणि आता पुन्हा त्याच वळणावर उभा आहे.

नीरा, गोदावरी आणि प्रवरेचे कालवे इंग्रज सरकारने दुष्काळाच्या धास्तीने काढले. पाणी बांधापर्यंत आले, पण ज्वारी-बाजरीवर जगणाऱ्या शेतकऱ्याकडे बागायतीला लागणारे भांडवल नव्हते. सरकारला पाणीपट्टी हवी होती आणि साखर कंपन्यांना उसासाठी सलग जमीन हवी होती. १९३२ साली परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि कारखानदारीला भरते आले. नेमक्या त्याच काळात मंदीने शेतमालाचे भाव कोसळले होते आणि शेतकरी सावकाराच्या कर्जात बुडाला होता. त्याने आपली जमीन दीर्घ मुदतीने, मिळेल त्या खंडावर कंपन्यांना दिली. हरेगाव, टिळकनगर, साकरवाडी, वालचंदनगर, श्रीपूर, रावळगाव असे मैलोन्‌मैल पसरलेले मळे यातून उभे राहिले. जमीन देणारे 'खंडकरी' झाले आणि त्यांच्यातले कितीतरी जण पुढे स्वतःच्याच रानात रोजंदारीवर राबले.

१९६१ साली महाराष्ट्राने शेतजमिनीच्या कमाल धारणेचा कायदा केला. साखर कंपन्यांचे मळेही त्याच्या कक्षेत आले आणि आता जमीन परत मिळणार, अशी आशा खंडकऱ्यांना वाटली. तसे झाले नाही. मळ्यांची सलगता मोडू नये, कारखान्यांचा ऊस तुटू नये, उत्पादन घटू नये, असा युक्तिवाद झाला आणि १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन होऊन हजारो एकर जमीन त्याच्या ताब्यात गेली. कंपनी गेली आणि सरकार आले. पुढे महामंडळाचा तोटा वाढत गेला, मळ्यांवरचा ऊस कमी होत गेला, कामगारांचे पगार रखडले. मनमाडचे कम्युनिस्ट नेते माधवराव गायकवाड यांच्यासारख्यांनी खंडकऱ्यांचा लढा मोर्चांत, विधिमंडळात आणि न्यायालयात वर्षानुवर्षे चालवला. २०१२ साली जमिनींचे वाटप प्रत्यक्ष सुरू झाले, तोवर मूळ खंडकऱ्यांपैकी बहुतेकांच्या नातवंडांचे केस पांढरे व्हायला लागले होते.

या इतिहासात प्रत्येक टप्प्यावर निर्णय झाला, करार झाला, कायदा झाला. जमिनीवर राबणाऱ्याला मात्र एकाही टप्प्यावर विचारले गेले नाही. खंड ठरवताना कर्जबाजारी शेतकऱ्याकडे नाही म्हणण्याची ताकद नव्हती. महामंडळ स्थापताना खंडकऱ्याचे मत विचारात घेतले नाही. जमीन परत करताना मळ्यावर दोन-दोन पिढ्या काढलेल्या कामगाराच्या हातात काय पडले, हा प्रश्न तर अजूनही धसास लागलेला नाही. ज्या चाळींत त्यांची मुले जन्मली, त्याच ठिकाणी घरापुरते दोन गुंठे मिळावेत म्हणून हे कामगार अर्ज-विनंत्या करत राहिले. ज्या हरेगावच्या परिसरात हे मळे पसरले, तिथेच डिसेंबर १९३९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वतनदार महार-मांगांची परिषद घेतली होती आणि वतनी जमिनींवर लादलेल्या वाढीव जुडीविरुद्ध, म्हणजे साऱ्याविरुद्ध, आवाज उठवला होता. जमीन कोणाची, हा प्रश्न त्या मातीत किती खोल गेला आहे, हे यावरून कळावे.

आता नवा टप्पा आला आहे. खंडकऱ्यांना मिळालेल्या जमिनी 'भोगवटादार वर्ग दोन' म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या होत्या. त्या 'वर्ग एक' करण्याचा मार्ग सरकारने अलीकडे मोकळा केला. खंडकऱ्यांची ती जुनी मागणी होती आणि ती न्याय्यही होती, कारण इतरांना असलेला मालकी हक्क त्यांनाच का नाकारावा? पण वर्ग एक होणे याचा दुसरा अर्थ जमीन बाजारात उतरणे असाही आहे. यातल्या कितीतरी जमिनी शिर्डीच्या आसपास, समृद्धी महामार्गाच्या टापूत आणि औद्योगिक वसाहतींच्या वाटेवर आहेत. गावात आधी एजंट येतो, मग गाडी येते, मग इसार पावती होते. ऐंशी वर्षांपूर्वी गरजेपोटी गेलेली जमीन नातवाच्या हातात येते आणि त्याच्या हातून पुन्हा जाते. फरक एवढाच, की आजोबाला खंड ठरवणारी कंपनी तरी डोळ्यांसमोर दिसत होती.

हा बाजार चालतो कसा, हे समजून घ्यायला हवे. शेतजमिनीचा भाव तिच्या पिकावर ठरत असता, तर शेतकऱ्याला जमीन घेणे परवडले असते. साधा हिशेब करू. समजा, तालुक्याच्या गावाजवळच्या एका एकराचा भाव ४० लाख रुपये आहे. त्या एकरात आठ क्विंटल सोयाबीन पिकले आणि २०२४-२५ चा ४,८९२ रुपयांचा हमीभाव पूर्ण मिळाला, असे धरले तरी हाती येतात सुमारे ३९ हजार. निम्मा खर्च वजा केला तर वीस हजारांच्या आत. या उत्पन्नावर त्या एकराचा दाम फेडायला दोनशे वर्षे लागतील. म्हणजे हा भाव शेती करणाऱ्याने ठरवलेला नाही, शेती न करणाऱ्याने ठरवलेला आहे. त्याला पिकाशी कर्तव्य नाही. पैसा सुरक्षित राहावा, वाढावा आणि शक्य तितका करातून सुटावा, एवढेच त्याला हवे असते.

आणि कायदा त्याला मदत करतो. शहराच्या हद्दीपासून ठरावीक अंतरापलीकडची शेतजमीन आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ताच नाही, म्हणून तिच्या विक्रीच्या नफ्यावर कर नाही. हद्दीजवळची कसलेली जमीन विकली तर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतल्यावर तेवढ्या रकमेपुरता कर वाचतो. शेतीचे उत्पन्न तर करमुक्तच. या तरतुदी शेतकऱ्याच्या हितासाठी झाल्या आणि त्यांचा हेतू चांगलाच होता. पण त्यामुळे पुण्याजवळची जमीन विकून आलेला पैसा दौंड-इंदापूरकडे जातो, तिथला पैसा करमाळ्याकडे सरकतो. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, दहा जिल्ह्यांतून गेलेला. त्यासाठी थेट खरेदीने जमिनी घेतल्या गेल्या आणि मोबदल्याचे कोट्यवधी रुपये गावागावांत आले. त्यातला मोठा भाग पुन्हा जमिनीतच गेला, पण आतल्या तालुक्यांत, जिथले भाव अजून खाली होते. ज्या गावात हा पैसा पोहोचतो, तिथल्या दोन एकरवाल्याला शेजारचा एकर कधीच घेता येत नाही. तो स्वतःचा विकू मात्र शकतो. म्हणून लहान शेतकरी लहानच राहतो, नाहीतर संपतो.

राज्यातली सरासरी जमीनधारणा १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ च्या कृषी गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. वाटण्यांनी जमिनीचे तुकडे होतात, हे आपण सांगत आलो. पण तुकडे पुन्हा जुळत का नाहीत, हे विचारत नाही. शेजाऱ्याचे शेत विकायला निघाले तर ते शेजाऱ्याने घ्यावे आणि दोन तुकड्यांची एक पोटभर शेती व्हावी, हा जमीन बाजाराचा खरा उपयोग. आजच्या भावात तोच अशक्य झाला आहे.

या बाजारात सर्वांत गप्प बसवला गेलेला पक्ष म्हणजे घरातली मुलगी. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क देणारी दुरुस्ती केली. केंद्राने २००५ मध्ये तेच केले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये निर्णय दिला की, हा हक्क जन्माने मिळतो, वडील २००५ मध्ये हयात असण्याची गरज नाही. कायदा इतका स्पष्ट असताना गावात काय होते? जमिनीचा सौदा ठरत आला की बहिणीला फोन जातो. 'ताई, एक सही हवी आहे, तू येऊन जा.' नाममात्र मुद्रांकावर हक्कसोडपत्र होते, ताईला साडी-चोळी होते आणि पुढच्या महिन्यात तीच जमीन विकली जाते. सही करताना सौदा कितीचा ठरला आहे, हे तिला माहीत नसते. विचारले तर माहेर तुटेल, ही भीती तिला लहानपणापासून शिकवलेली असते. भावाच्या प्रेमापोटी बहिणीने हक्क सोडला, असे आपण म्हणतो. भाऊबीज चालू राहावी म्हणून तिला ही किंमत मोजावी लागते, हे म्हणायला आपल्याला लाज वाटते. भावाला शेती करायची आहे आणि बहीण समजून-उमजून हक्क सोडते, ही गोष्ट वेगळी आहे, तिचा मान ठेवायला हवा. पण जमीन विकून पैसे वाटायचे आणि त्या वाटणीतून बहिणीलाच वगळायचे, याला त्याग म्हणणे ही फसवणूक आहे.

दुसरा गप्प पक्ष शेतमजूर. कुळकायद्याच्या कलम ६३ ने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यास बंदी केली, पण शेतकऱ्याबरोबर शेतमजुरासाठीही दरवाजा उघडा ठेवला. कायदा करणाऱ्यांना हे दिसत होते, की जमीन जो कसतो त्याला ती घेता आली पाहिजे. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी लाखो कुळे मालक झाली, ती याच विचाराने. आज या कलमाचा कोणाला उपयोग होतो, ते पाहा. गावाकडे वडिलोपार्जित पाच गुंठ्यांत नाव असलेला मुंबईचा व्यावसायिक कायद्याने शेतकरी ठरतो आणि हवी तिथे जमीन घेतो. त्याच गावात तीस वर्षे खुरपणी केलेल्या बाईला कायद्याने मोकळीक आहे, पण त्या दाराशी पोहोचायला लागणारा पैसा तिला सात जन्मांत जमणार नाही. वतनी जमिनींचे तर आणखी वाईट. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत, म्हणून कुलमुखत्यारपत्राच्या आडून त्या कवडीमोलाने घेतल्या जातात आणि परवानगीची सोय नंतर लावली जाते. परवानगीची अट दुबळ्याच्या रक्षणासाठी होती. तिच्यामुळेच दुबळ्याला भाव कमी मिळतो आणि दलालाला जास्त.

विक्रीआधी विचारले जाण्याच्या हक्कावर एक आक्षेप येईल आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. शेतकऱ्याच्या पायात आधीच पुरेशा बेड्या आहेत, त्यात आणखी एक कशाला? शरद जोशींनी आणि शेतकरी संघटनेने हा मुद्दा आयुष्यभर मांडला: कारखानदाराला आपला कारखाना विकता येतो, व्यापाऱ्याला दुकान विकता येते, मग शेतकऱ्याच्याच मालकीवर शंभर अटी का? कमाल धारणा, भूसंपादन, आवश्यक वस्तू कायदा यांनी शेतकऱ्याला कंगाल केले, हे त्यांचे निदान आजही अनेक शेतकरीपुत्रांना पटते. त्यात तथ्य आहे. सरकारी परवानगीच्या प्रत्येक शिक्क्यामागे लाचेचा एक दर असतो, हे वर्ग दोनच्या जमिनीवाल्याला विचारा.

पण त्याच शरद जोशींनी १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरवले आणि पुढे 'लक्ष्मी मुक्ती'ची मोहीम काढली. आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करा, असे त्यांनी पुरुष शेतकऱ्यांना सांगितले आणि अनेकांनी ते केले. स्वातंत्र्याचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता घरातल्या स्त्रीचे नाव सातबारावर यावे म्हणून गावोगाव फिरला, यातला अर्थ आपण विसरलो. मालकाला मोकळीक हवी असेल तर आधी मालक कोण, याचा निकाल प्रामाणिकपणे लावायला हवा. चार भावंडांच्या मिळकतीवर एका भावाची मोकळीक ही इतर तिघांची कोंडी असते.

शिवाय नड ही मोकळीक नव्हे. लेकीचे लग्न, बापाचे आजारपण, बँकेची नोटीस अशा वेळी झालेल्या विक्रीत विकणाऱ्याला निवड नसते, फक्त घाई असते. १८७५ मध्ये सुप्यापासून पेटलेले दख्खनचे दंगे सावकाराच्या दारात जाऊन गहाणखते जाळण्यासाठी झाले होते. त्यानंतर १८७९ मध्ये इंग्रज सरकारलाही दख्खन शेतकरी कायदा करून, कर्जाचा करार खुल्या मनाने झाला का हे न्यायालयाने तपासावे, असे म्हणावे लागले. करारावर सही आहे म्हणजे संमती आहे, हे परक्या सरकारलाही शेवटपर्यंत म्हणता आले नाही.

आपल्या शेजाऱ्यांनी या प्रश्नावर दोन टोके धरली आहेत. कर्नाटकाने २०२० मध्ये आपला जमीन सुधारणा कायदा बदलून बिगरशेतकऱ्यांना शेतजमीन घेण्याची वाट मोकळी केली. गोव्याने २०२३ मध्ये उलट दिशेने जाऊन भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध घातले. एकाने बाजारावर सोडले, दुसऱ्याने दार लावले. पण नुसती बंदी काळ्या पैशाला आडवाट शोधायला लावते आणि नुसती मोकळीक लहान माणसाला बाजूला सारते. फ्रान्सने १९६० च्या दशकापासून वेगळी रीत ठेवली आहे. तिथे शेतजमीन विकायची तर आधी प्रादेशिक भूमी संस्थेला कळवावे लागते. या संस्थेला ती जमीन स्वतः घेऊन तरुण किंवा लहान शेतकऱ्याला देण्याचा अग्रहक्क असतो. विकणारा विकतो, पैसे मिळवतो. फक्त कोणाला विकायचे, यात समाजालाही आवाज असतो.

आपल्याकडे हे अगदीच नवे ठरणार नाही. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ ने वारसांपैकी एकाने आपला हिस्सा विकायला काढला तर इतर वारसांना तो घेण्याचा अग्रहक्क दिला आहे, आणि तो शेतजमिनीलाही लागू आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले. चावडीवर नोटीस लावायचीही रीत आहे, फक्त ती व्यवहार झाल्यावर लागते. म्हणून माझी पहिली सूचना साधी आहे: हीच नोटीस खरेदीखताच्या आधी लावा. ठरलेली किंमत, घेणाऱ्याचे नाव आणि जमिनीवर राबणाऱ्यांची यादी तीवर असावी आणि महिनाभर ती ग्रामपंचायतीत राहावी. सरकारी परवानगी नको, शिक्का नको, फक्त उजेड हवा.

दुसरी सूचना हक्कसोडपत्रासंबंधी. हक्क सोडल्यानंतर दहा वर्षांत ती जमीन विकली गेली, तर बहिणीच्या वाट्याची रक्कम तिला द्यावी लागेल, अशी अट कायद्याने घालावी. शेतीसाठी हक्क सोडला असेल तर कोणाचे बिघडणार नाही. विकण्यासाठी सोडवून घेतला असेल तर बिघडलेच पाहिजे.

तिसरी सूचना मोठ्या क्षेत्रांसाठी, जिथे महामंडळाचे मळे, बंद पडलेल्या कारखान्यांच्या जमिनी किंवा ट्रस्टच्या शेती विकायला निघतात. लिलावाच्या आधी कामगारांच्या घरांची जागा वेगळी काढावी. उरलेली जमीन प्रथम परिसरातल्या अल्पभूधारकांच्या, शेतमजुरांच्या आणि बचत गटांच्या समूहाला देऊ करावी आणि त्यांना परवडेल अशा दीर्घ मुदतीचे कर्ज सहकारी बँकांनी नाबार्डच्या मदतीने द्यावे. जमीन शहराच्या वाटेत असेल आणि शेती टिकणारच नसेल, तर मगरपट्ट्याचे उदाहरण आहे. हडपसरच्या शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी सुमारे चारशे एकर जमीन विकून न टाकता एकत्र आणून कंपनी काढली आणि भागधारक झाले. त्या उदाहरणातही राबणाऱ्या मजुरांना भाग नव्हता. आपण ते आणखी एक पाऊल पुढे न्यावे.

यातले सगळे काही कायद्याची वाट पाहणारे नाही. ग्रामसभा उद्या ठराव करू शकते की, गावातली जमीन विकायची तर आधी गावाला सांगावे. घरातला मोठा भाऊ सौदा ठरायच्या आधी बहिणीला किंमत सांगू शकतो. आणि शहरात राहून गुंतवणुकीसाठी शेत शोधणारा वाचक, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखा माणूस, वकिलाकडून शोध अहवाल काढताना एक प्रश्न स्वतःहून वाढवू शकतो: या घरातल्या मुलींना विचारले आहे का, आणि या शेतावर राबणारे उद्या कुठे जाणार आहेत? त्याचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत इसार देऊ नये. वीस टक्के स्वस्त मिळते म्हणून ज्या व्यवहारात कोणाचा तरी आवाज दाबलेला आहे, तो व्यवहार आपल्या नावावर चढवून घेणे हे कायदेशीर असेल, पण सभ्य नाही. कंपन्यांनी आणि सरकारने खंडकऱ्याशी जे केले, त्याला आपण आजवर अन्याय म्हणत आलो. उद्या तेच आपण करणार असू, तर तो शब्द आपल्यालाही लागू पडेल.